एन्लार्जर घ्यावा की स्कॅनर : घरी कृष्णधवल काम करणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांचा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा तुम्ही दोन वर्षांपासून वापरत आहात, महिन्याला दोन-तीन कृष्णधवल रोल होतात, ते तुम्ही पुण्यातल्या सदनिकेत टाकीत घालून स्वतःच धुता, आणि आता साठवलेल्या पैशांत फ्लॅटबेड स्कॅनर किंवा जुना एन्लार्जर (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारे यंत्र) यांपैकी एकच वस्तू येणार आहे. माझे उत्तर असे की एन्लार्जर घ्यावा. तुमच्याकडे डिजिटल कॅमेरा आहे असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा स्कॅनिंगचे काम त्याच्यावर भागेल आणि ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हसाठी ते फ्लॅटबेडपेक्षा चांगलेही होईल. मात्र हे सांगताना डार्करूमचे प्रेम हे माझे कारण नाही. खरे कारण निगेटिव्हमध्ये आहे, म्हणून आधी तिच्याविषयी सांगते.

कागदासाठी नीट केलेली निगेटिव्ह जवळजवळ नेहमीच उत्तम स्कॅन होते, परंतु स्कॅनवर छान दिसणारी निगेटिव्ह कागदावर उतरेलच असे नाही. हे मी पुस्तकातून शिकले नाही. सांगलीला वडिलांचा स्टुडिओ होता आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ छापाचा ब्रोमाइड कागद त्या काळी आमच्याकडे खोक्यांनी येत असे. त्या कागदावर मी छपाई शिकले. पुढे डिजिटलच्या लाटेत एन्लार्जर माळ्यावर गेला आणि सात-आठ वर्षे मी फिल्म फक्त स्कॅन करत राहिले. त्या काळात नकळत माझी सवय बदलली. दाट, म्हणजे जास्त काळ्या, निगेटिव्हमधून स्कॅनरला प्रकाशाचे भाग काढायला जड जाते, पातळ निगेटिव्ह मात्र संगणकावर वक्ररेषा थोडी ओढली की लगेच उजळते, त्यामुळे मी प्रकाश जेमतेम देऊ लागले आणि डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) फिल्म धुण्याचा वेळही कमी केला. पडद्यावर सगळे ठीक दिसत होते. पुन्हा एन्लार्जर मांडला तेव्हा त्या सात-आठ वर्षांतल्या निम्म्याहून अधिक निगेटिव्हमध्ये सावल्यांच्या जागी पारदर्शक फिल्मखेरीज काही नव्हते, आणि ५ नंबरच्या, म्हणजे सर्वांत कडक काँट्रास्टच्या, ग्रेडवरही त्यांतून राखाडी, निर्जीव प्रिंटच मिळाली. त्यांत माझ्या आजीची शेवटची काही छायाचित्रे आहेत. ती आजही फक्त स्कॅनच्याच रूपात पाहण्याजोगी आहेत, आणि याची हळहळ मला अजून आहे.

म्हणून तुम्ही पुढे दहांतील नऊ छायाचित्रे स्कॅनच करणार असलात, तरी हात कागदावर तयार व्हावा असे मला मनापासून वाटते. कागद कठोर परीक्षक आहे. चकचकीत कागदाची कमाल काळी घनता साधारण २.१ असते, म्हणजे त्याच्या शुद्ध पांढऱ्यापासून गर्द काळ्यापर्यंतचे अंतर सुमारे १:१२५, छायाचित्रकाराच्या भाषेत सात स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट). जे दृश्य या सात स्टॉपमध्ये बसवायचे, त्याची निगेटिव्ह त्याच बेताची असावी लागते. सावलीला पुरेसा प्रकाश मिळाला नसेल तर कागद तो निर्माण करू शकत नाही, आणि फिल्म जास्त धुतली गेली असेल तर पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या, ढगांच्या कडा कागदावर कोऱ्या राहतात. स्कॅनवर या दोन्ही चुका झाकता येतात. झाकलेली चूक आपल्याला दिसत नाही, त्यामुळे ती पुढच्या रोललाही तशीच होते. तुम्ही इलफर्डची एचपी५ ही ४०० आयएसओची फिल्म वापरता. माझा सल्ला असा की प्रकाशमापक ४०० ऐवजी २५० वर ठेवावा, म्हणजे फिल्मला थोडा जास्त प्रकाश मिळेल, आणि धुण्याचा वेळ लगेच न बदलता कागद काय सांगतो ते पाहावे.

आता एन्लार्जरविषयी. नव्याची गरज नाही. सांगली, सातारा, अहिल्यानगर, नाशिक अशा गावांतल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर ते अजूनही कापडात गुंडाळून पडलेले असतात, आणि योग्य माणसाच्या हाती जात आहे असे वाटले तर मालक आनंदाने देतात. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. भाता दिव्यासमोर धरून त्याला बारीक भोके नाहीत ना हे बघावे. निगेटिव्ह धरण्याची चौकट ३५ मिलिमीटरची आहे आणि वाकलेली नाही याची खात्री करावी, कारण ती हरवलेली असेल तर दुसरी मिळवताना फार त्रास होतो. खांब हलवून पाहावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लेन्स. आपल्याकडच्या पावसाळ्यांनी एन्लार्जरच्या लेन्सना बुरशी लागते, ती टॉर्च लावून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तशी लेन्स असेल तर एन्लार्जर घ्यावा आणि लेन्स वेगळी शोधावी. ३५ मिलिमीटरसाठी ५० मिलिमीटरची लेन्स लागते. निक्कोर, रोडेनस्टॉक किंवा श्नायडरची सहा घटकांची लेन्स एफ/८ वर ठेवली की ८ × १० इंची प्रिंटमध्ये कोपऱ्यांपर्यंत फिल्मचे दाणे स्पष्ट येतात. पैसे कमी पडत असतील तर एन्लार्जर साधा घ्यावा, परंतु लेन्स आणि दाण्यावर फोकस साधण्याचे भिंग यांत काटकसर करू नये.

दिवा बदलावा लागेल तेव्हा मात्र सावध राहावे. जुने दुधी काचेचे टंगस्टन दिवे दुर्मिळ झाल्यामुळे लोक घरगुती एलईडी बसवतात. व्हेरिएबल काँट्रास्ट, म्हणजे फिल्टर बदलून ग्रेड बदलता येणाऱ्या, कागदात निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला वेगवेगळा प्रतिसाद देणारे इमल्शन (प्रकाशसंवेदी थर) असते. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो आणि प्रिंट मऊ होते, जांभळट फिल्टर हिरवा अडवतो आणि ती कडक होते. एलईडीच्या पांढऱ्या प्रकाशात निळ्याचे शिखर उंच असते, त्यामुळे फिल्टरवर लिहिलेली ग्रेड आणि प्रत्यक्ष मिळणारी ग्रेड यांत फरक पडतो. काम चालते, फक्त आकड्यांवर विश्वास न ठेवता आपल्या दिव्याची एकदा चाचणी करून ठेवावी लागते. इलफर्डच्या मल्टिग्रेड फिल्टरसंचात ००पासून साडेतीनपर्यंत वेळ सारखाच राहतो आणि ४ पासून पुढे दुप्पट करावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

खोलीचा प्रश्न बहुतेकांना एन्लार्जरपेक्षा मोठा वाटतो, पण तो तसा नाही. तुमचे स्नानगृह ४ × ६ फुटांचे आहे, तेवढ्यात मी पाच वर्षे काम केले आहे. तीन ट्रे शेजारी शेजारी मावत नसतील तर ते एकावर एक शिडीसारखे मांडावेत. विजेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. एन्लार्जर ओल्या फरशीपासून दूर, उंच आणि कोरड्या ओट्यावर असावा, गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच त्या वायरिंगवर असावा, आणि ओल्या हातांनी टायमरला स्पर्श करू नये. शक्य असेल तर एन्लार्जर शेजारच्या खोलीत ठेवून फक्त ट्रे स्नानगृहात ठेवणे सर्वांत चांगले. तेव्हा प्रकाश दिलेला कागद काळ्या पिशवीतून तिथवर न्यावा लागतो. खिडकीला काळे कापड लावल्यावर अंधारात दहा मिनिटे शांत बसावे. दाराखालची फट, गीझरचा लाल ठिपका, एक्झॉस्टच्या पात्यांमधून येणारा रस्त्यावरचा उजेड हे सगळे आठव्या-नवव्या मिनिटाला दिसू लागते.

सेफलाइटची, म्हणजे कागदाला न बाधणाऱ्या डार्करूमच्या मंद दिव्याची, परीक्षा बहुतेक जण चुकीची करतात. कोऱ्या कागदावर नाणे ठेवून, काही मिनिटे सेफलाइटखाली ठेवून तो धुतला आणि पांढरा राहिला म्हणजे सेफलाइट सुरक्षित, असे ते मानतात. वास्तविक कागदाला काळे होऊ लागण्यापूर्वी थोडा प्रकाश पचवता येतो, त्यामुळे कोरा कागद दोष लपवतो. आधी एन्लार्जरखाली कागदाला अगदी फिकट राखाडी येईल इतकाच प्रकाश द्यावा, नंतर नाणे ठेवून सात-आठ मिनिटे सेफलाइटखाली ठेवावा. धुतल्यावर नाण्याचा गोल दिसला तर दिवा दूर न्यावा किंवा कमी वॅटचा लावावा. अशा दिव्याखाली काम केले तर प्रिंटचे पांढरे भाग कारण न कळता मळकट येत राहतात आणि माणूस उगाच डेव्हलपरला दोष देतो.

रसायनांची भीती बाळगू नये, पण आदर ठेवावा. तयार डेव्हलपर महाग वाटत असेल तर डी-७२ हे जुने सूत्र घरी करता येते : १ लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, मोनोहायड्रेट सोडियम कार्बोनेट ८० ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम, याच क्रमाने, कोमट पाण्यात, आणि वापरताना एका भागाला दोन भाग पाणी. मेटॉलने काहींच्या हातांना खाज आणि पुरळ येते आणि एकदा आलेली ॲलर्जी जन्मभर राहते, म्हणून चिमटे आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून वापरावेत. डेव्हलपरचे काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथसाठी ॲसेटिक ॲसिडचा वास बंद खोलीत सहन होत नाही, त्याऐवजी लिटरला १५ ग्रॅम लिंबूसत्त्व पुरेसे होते. चित्र कायम करणाऱ्या फिक्सरला आमच्या पिढीतले सगळे अजून हायपोच म्हणतात. जॉन हर्शेलने १८१९ मध्ये ज्या क्षाराचा चांदीची संयुगे विरघळवण्याचा गुण ओळखला त्याच्या ‘हायपोसल्फाइट’ या जुन्या नावाचा तो अवशेष आहे. आता जलद फिक्सर अमोनियम थायोसल्फेटचे असतात आणि आरसी (प्लास्टिकचा थर दिलेल्या) कागदाला अर्धा-एक मिनिट पुरतात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, तो मोरीत ओतू नये. कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्यांकडे द्यावा. क्ष-किरण फिल्मचा हायपो गोळा करणारे लोक शहरांत मिळतात.

पाणी आणि हवामान यांविषयी परदेशी पुस्तकांत आपल्या उपयोगाचे फार थोडे असते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी ३० अंशांच्या वर जाते. प्रिंटला २४-२५ अंशांपर्यंत काही बिघडत नाही, पण फिल्मला बिघडते. आयडी-११ या फिल्म डेव्हलपरमध्ये पातळ न करता एचपी५ धुण्याचा वेळ २० अंशांना साडेसात मिनिटे आहे. २४ अंशांना तो साडेपाच मिनिटांच्या आसपास येतो, आणि त्याहून गरम पाण्यात पाच मिनिटांच्या खाली गेला की फिल्मवर असमान पट्टे उमटण्याचा धोका वाढतो. यावर उपाय म्हणून समभाग पाणी घालावे. मग २० अंशांचा वेळ १३ मिनिटे होतो आणि उन्हाळ्यात तो कमी केला तरी हाताशी पुरेसा अवधी राहतो. बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून सर्व द्रावणे, शेवटचे धुण्याचे पाणीही, एकाच तापमानाला आणावीत. टँकरचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर सुकताना निगेटिव्हवर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि ते एन्लार्जरखाली काळ्या ठिपक्यांचे रूप घेत नाहीत तर पांढऱ्या ठिपक्यांचे घेतात, त्यामुळे धूळ समजून आपण व्यर्थ फुंकत बसतो. शेवटचे बुचकळणे डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंटचे (पाणी डाग न ठेवता निथळू देणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब टाकून करावे.

पहिले शंभर कागद आरसीचे घ्यावेत. ते दोन मिनिटांत धुऊन होतात, सपाट वाळतात आणि शिकण्याला वेग देतात. फायबर (प्लास्टिकचा थर नसलेल्या) कागदाची काळी छटा आणि पृष्ठभाग मला अधिक प्रिय आहेत, पण त्याला हायपो लवकर काढून टाकणारे क्लिअरिंग द्रावण न वापरता वाहत्या पाण्यात तासभर धुवावे लागते. ज्या शहरात उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येऊ शकते तिथे हा तास मला जड वाटतो, म्हणून क्लिअरिंग द्रावण वापरून मी तो वीस मिनिटांवर आणला आहे. शिवाय फायबर कागद वाळताना किंचित गडद होतो, त्यामुळे ओली प्रिंट पाहून घेतलेला निर्णय सकाळी चुकीचा ठरतो.

कामाची पद्धत एकच सांगते, कारण बाकीचे हात शिकवतो. टेस्ट स्ट्रिप, म्हणजे एकाच कागदावर वाढत्या वेळांच्या पट्ट्या, ५, १०, १५, २० सेकंद अशी सारख्या अंतराने काढू नये. पहिल्या दोन पट्ट्यांत पूर्ण एका स्टॉपचा फरक असतो आणि शेवटच्या दोनांत अर्ध्याहून कमी, मग डोळा तुलना कशाशी करणार? ८, ११, १६, २२ सेकंद अशी काढली की प्रत्येक पायरी अर्ध्या स्टॉपची होते. आधी वेळ प्रकाशाच्या भागांवरून ठरवावा, मग सावल्या पाहून ग्रेड ठरवावी. प्रिंट डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ ठेवावी, काळी पडते आहे असे वाटून लवकर उचलू नये. एका संध्याकाळी तीन-चार तासांत दोन चांगल्या प्रिंट झाल्या तर ती संध्याकाळ यशस्वी समजावी.

आता स्कॅनिंग, कारण ते तुम्हाला लागणारच आहे. घरच्यांना छायाचित्रे पाठवायची, रोल पाहून निवड करायची, छापण्यापूर्वी कुठे हात फिरवायचा याचा अंदाज घ्यायचा, या सगळ्यासाठी ते उत्तम आहे. फ्लॅटबेड नको म्हणण्याचे कारण असे की खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेल्या नेहमीच्या यंत्राची खरी क्षमता त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असते. मध्यम किंवा मोठ्या आकाराच्या फिल्मला ती पुरते, ३५ मिलिमीटरला पुरत नाही. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ मॅक्रो लेन्स लावली तर ३६ मिलिमीटरवर ६००० पिक्सेल पसरतात, म्हणजे इंचाला सुमारे ४२३०. ८ × १० इंची छपाईला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने ३००० × २४०० पिक्सेल लागतात, तेव्हा हे दुपटीच्या जवळ आहे. जुनी हाताने फोकस करण्याची मॅक्रो लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब यांवर काम निभावते.

कॅमेरा आणि फिल्म समांतर असणे ही यातली सगळी कला आहे. लेव्हलच्या बुडबुड्यावर विसंबू नये. फिल्मच्या जागी लहान आरसा ठेवावा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मध्यावर येईपर्यंत स्टँड हलवावा. एफ/८ च्या पुढे बंद करू नये, आयएसओ १०० ठेवावा, दोन सेकंदांचा टायमर वापरावा, रॉ फाइल घ्यावी, आणि निगेटिव्हभोवतीचा उजेड काळ्या कागदाने झाकावा, कारण कडेने येणारा प्रकाश सावल्या धुरकट करतो. मोबाइलचा पडदा दिवा म्हणून वापरायचा असेल तर त्याच्यावर काही सेंटिमीटर अंतर सोडून दुधी ॲक्रिलिक ठेवावे, अन्यथा पडद्याचे पिक्सेल चित्रात येतात. उलटे चित्र सुलटे करायला डार्कटेबल या मोफत प्रणालीतला नेगाडॉक्टर पुरेसा आहे. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेड पद्धत चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण चांदीच इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे ब्लोअर आणि संयम यांना पर्याय नाही. स्कॅनमध्ये दाणे प्रिंटपेक्षा टोकदार दिसले तर घाबरू नये. दाणे आणि पिक्सेल यांच्या आकारांच्या झटापटीतून ते फुगतात, त्याच निगेटिव्हच्या एन्लार्जरवरच्या प्रिंटमध्ये ते कितीतरी मऊ असतात.

रंगीत रोल कधी वापरलात तर तो स्कॅनच करावा. रंगीत कागदाला पूर्ण अंधार आणि काटेकोर तापमान लागते, स्नानगृहातल्या पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला जाऊ नये.

निगेटिव्हची काळजी दोन्ही मार्गांना सारखीच लागते. जिलेटिन ओलावा पिते आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या पुढे राहिली की बुरशी धरते. जून ते सप्टेंबर निगेटिव्ह हवाबंद डब्यात, ओव्हनमध्ये तापवून कोरड्या केलेल्या सिलिका जेलसह ठेवाव्यात, आणि लोखंडी कपाटात भिंतीला टेकून ठेवू नयेत.

एन्लार्जर मिळेपर्यंत थांबू नका. आरसी कागदाचे एक पाकीट, तीन ट्रे, जाड काचेचा तुकडा आणि पांढरा झिरोचा दिवा एवढ्यावर पुढच्या रविवारी काँटॅक्ट शीट, म्हणजे पूर्ण रोलची मूळ आकारातली एका पानावरची प्रिंट, काढता येईल. दिवा कागदापासून मीटरभर उंच टांगावा, निगेटिव्हची निस्तेज बाजू कागदाच्या चकचकीत बाजूला भिडवून वर काच ठेवावी. सहा-सहा चित्रांच्या सहा पट्ट्यांची रुंदी २१० मिलिमीटर होते आणि ८ × १० इंची कागद २०३ चा असतो, त्यामुळे कडेची भोके कापली जातील, चित्रे नाही. आधी फिल्मच्या कोऱ्या तुकड्यावर टेस्ट स्ट्रिप काढून असा सर्वांत कमी वेळ शोधावा की ज्यात कोऱ्या फिल्मखालचा कागद छिद्रांतून दिसणाऱ्या कागदाइतकाच काळा होतो. तो वेळ वहीत लिहून ठेवावा आणि पुढचा प्रत्येक रोल त्याच वेळाने, त्याच उंचीवरून काढावा. त्या पानावर चित्रे सगळीच काळोखी आली तर प्रकाश कमी दिला जात आहे, सगळीच फिकट आली तर जास्त. सावल्या ठीक असून चेहरे आणि आकाश खडूसारखे पांढरे दिसले तर फिल्म धुण्याचा वेळ दहा टक्क्यांनी कमी करावा, आणि सगळे राखाडी दिसले तर तितकाच वाढवावा. असे तीन रोल झाले की ती तिन्ही पाने शेजारी मांडून पाहा, आणि वहीतल्या वेळांसह त्यांची छायाचित्रे मला पाठवा. २५० वर राहायचे की २०० वर यायचे, हे आपण त्यांवरून ठरवू.